हेअर कलर करताना या चुका टाळा: काळी मेंदी, चाळीस व्हॉल्यूम आणि आखाजीची घाई

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या पार्लरांत झुंबड उडते. माहेरी आलेल्या लेकी, त्याच आठवड्यातली लग्नं, बाहेर पंचेचाळीसला टेकलेला पारा, आणि प्रत्येकीला कलर आजच्या आज हवा. या दिवसांत माझ्याकडे दुरुस्तीला येणारी डोकी बघते तेव्हा चुका त्याच त्या असतात. कोर्स संपवून नुकतंच पार्लर टाकलेल्या मुलींनी आणि घरीच ट्यूब आणून लावणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

"मी फक्त मेंदी लावते" यावर विसंबणं

या एका वाक्यानं जेवढे केस गेलेत तेवढे कशानंच गेले नसतील. बाई खोटं बोलत नाही. तिच्या दृष्टीनं ती मेंदीच असते. कोणती मेंदी, हे विचारणं आपलं काम आहे.

निव्वळ पानांची मेंदी केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसते, तांबूस रंग देते आणि सहजी निघत नाही. तिच्यावर ब्लीच केलं तर केस नारिंगी होतात, पण जळत नाहीत. आपल्याकडे घरोघरी जी मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात, आवळ्याची पूड घालून रात्रभर भिजवतात, तिची गोष्ट वेगळी. कढईतलं लोह तिच्यात उतरतं. तो काळपटपणा त्याचाच. तिसरी बाजारातली पुडीची काळी मेंदी. तिच्यात बहुधा पीपीडी हे डायमधलंच रसायन असतं, आणि काही पुड्यांत धातूंचे क्षारही असतात.

आता आपला डेव्हलपर, म्हणजे ट्यूबमधल्या रंगात किंवा ब्लीचमध्ये मिसळायचं ते हायड्रोजन पेरॉक्साइड; त्याची ताकद व्हॉल्यूममध्ये मोजतात. लोह, तांबं असल्या धातूंशी गाठ पडली की त्याचं विघटन झपाट्यानं होतं आणि उष्णता सुटते. ही उष्णता बटा गुंडाळलेल्या फॉइलमध्ये, केसाला लागूनच कोंडली जाते.

एका आखाजीला धरणगावकडची एक मुलगी तिच्या आईबरोबर माझ्याकडे आली, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून. गावाजवळच्या एका पार्लरमध्ये हायलाइट्स करायला बसली होती. मेंदी लावते असं तिनं सांगितलं होतं, त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. पावडर ब्लीच आणि ३० व्हॉल्यूम मिसळून फॉइल बंद केले. थोड्याच वेळात फॉइल फुगायला लागले. "माय वं, डोकं तपी राह्यनं," असं ती म्हणाली, तर "ब्लीच आहे, तेवढं होतंच," असं उत्तर मिळालं. धूर दिसला तेव्हा धावपळ झाली.

टॉवेल काढला तर मधल्या भागात केसांचा नुसता लगदा. एक बट बोटांत धरून हलकेच ओढली. चांगला ओला केस थोडा ताणतो आणि परत जागेवर येतो. हा चिकट रबरासारखा लांबत गेला आणि तुटला. अशा केसाला कोणताही स्पा, कोणतीही केराटिन ट्रीटमेंट वाचवू शकत नाही; जी वाचवू म्हणते ती पैसे घेते, बस. मी गार पाण्यानं, न चोळता, बराच वेळ धुतलं. टाळू तपासली, ती नुसती लाल झाली होती. मग केस खांद्याच्या वर कापले. आई रडत होती. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पहिल्या लांबीला किती वर्षं लागणार याचा हिशेब तिनं मनात केला असणार.

हे सगळं अर्ध्या तासाच्या चाचणीनं टळलं असतं. मी मानेजवळची, आतली एक बारीक बट कापून घेते, प्लास्टिकच्या वाटीत ज्या मिश्रणानं काम करायचंय त्यातच बुडवते आणि अर्धा तास बघत बसते. वाटी गरम झाली, फेस आला, उग्र वास सुटला किंवा केस तुटायला लागला, तर त्या डोक्यावर पेरॉक्साइड लावायचंच नाही. गिऱ्हाईक कितीही रागावो. मेंदीचा भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबा, हाच माझा सल्ला असतो. हा अर्धा तास वाया जातो असं ज्या मुलीला वाटतं, तिनं ब्रश हातात धरू नये.

काळ्या डायवर फिकट ट्यूब लावणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक. ट्यूबवरचा आकडा न वाचता नुसता बॉक्सवरचा फोटो बघायचा, हे तिचं मूळ.

आकडा वाचायला शिका. ५.३ मध्ये ठिपक्याआधीचा आकडा म्हणजे लेव्हल: १ काळाभोर, १० अगदी फिकट ब्लाँड. ठिपक्यानंतरचा म्हणजे टोन, रंगाची छटा. बऱ्याच कंपन्यांत .१ अ‍ॅश (राखाडी), .३ गोल्डन, .४ कॉपर असतो. काहींचे आकडे निराळे असतात, म्हणून शेड कार्ड समोर ठेवा. आपल्या बायकांचे मूळ केस बहुतेक १ ते ३ लेव्हलचे. २० व्हॉल्यूम ते एक-दोन लेव्हल उघडतं, म्हणजे फिकट करतं, ३० दोन-तीन. आणि केस उघडताना आतला रंग आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा असाच दिसणार. लेव्हल ३ वर ७.३ ची ट्यूब लावून फोटोतला कॅरॅमल कुठून येणार? लालसर तपकिरी येतो, आणि मग ट्यूब खराब होती म्हणून बोंब.

त्यात केसांवर आधीचा काळा डाय असेल तर आणखी घोळ. ट्यूबमधला रंग आधीच्या कृत्रिम रंगाला उघडत नाही. तो काम करतो फक्त नव्यानं आलेल्या मुळांवर, आणि तिथं टाळूची ऊब असल्यानं जास्तच जोरात. मुळं भडक नारिंगी, खाली केस काळे. याला हॉट रूट म्हणतात. मग घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतात, या वेळी ४० व्हॉल्यूमबरोबर.

मी काय करते? नारिंगी मुळांवर ४ किंवा ५ लेव्हलचा अ‍ॅश, २० व्हॉल्यूमबरोबर, फक्त मुळांवर. अ‍ॅशमधला निळा नारिंगीला मारतो. पिवळा असता तर जांभळा लागला असता, लाल असता तर हिरवट. काळ्या लांबीला मात्र कलर रिमूव्हर किंवा बारीक बटांना फॉइलमध्ये ब्लीच, तेही दोन-तीन बैठकांत, मध्ये काही आठवडे सोडून. मूळचे कोरे केस उघडायचे असतील तर आधी मधली लांबी लावते, मुळं सगळ्यात शेवटी. एका बैठकीत काळ्याचं ब्लाँड करून देते असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

डेव्हलपर

१० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. पांढरे झाकायला २० हवं. १० नं चिवट पांढरा झाकत नाही. ४० मी टाळूला लागू देत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात, दुपारी कूलरची हवा कोमट येत असताना, ३० पण जपून वापरते, कारण उष्णतेनं काम वेगानं होतं. तेव्हा दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघायची.

पॅच टेस्ट टाळणं

४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, दर वेळी. "गेल्या वेळी काही झालं नाही" हे चालणार नाही. पीपीडीची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं डाय लावणारीलाही अचानक होते. ज्यांना हातावरच्या काळ्या मेंदीनं कधी फोड आले असतील त्यांना डाय लावूच नका. आणि अमोनिया-फ्री म्हणजे पीपीडी-फ्री नव्हे.

बाकीच्या

पांढऱ्यांवर नुसता फॅशन शेड (गोल्डन, कॉपर असला) लावू नका, अर्धा .० चा नॅचरल मिसळा आणि कानशिलांपासून सुरुवात करा. वेळ शेवटचा ब्रश फिरल्यावर मोजा, पहिला फिरवताना नाही. वीस मिनिटांत धुवू नका: रंगाचे कण केसात तयार व्हायलाच पाऊण तासापर्यंत लागतो, नाही तर चार धुण्यांत उतरतो. मिश्रण अंदाजानं नको, वजनकाट्यावर करा. स्टीलची वाटी नको. उरलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवू नका, ते हवेनंच बाद होतं.

बोअरच्या पाण्याचं तेवढं लक्षात ठेवा. जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, रंग मळकट दिसतो. कलरच्या आधी क्लॅरिफाइंग, म्हणजे केसांवर साचलेलं धुऊन काढणारा शाम्पू, आणि घरी गेल्यावर शेवटचं पाणी तरी नळाचं किंवा पावसाळ्यात साठवलेलं घ्या, असं मी प्रत्येकीला बजावते.