किशोरवयीन मुलांची रानातील मुक्कामासाठी तयारी

नाशिकहून साल्हेर किंवा हरिहरच्या परिसरात मुलांचा गट मुक्कामी पाठवायचा असेल, तर तयारी महिनाभर आधी सुरू करावी. दर रविवारी भरलेली सॅक पाठीवर घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढण्याचा सराव सर्वांत उपयुक्त ठरतो, कारण नव्या बुटांनी पाय कुठे सोलवटतात आणि पट्टा कोणत्या खांद्याला काचतो, हे घराजवळच कळते. सॅकचे वजन मुलाच्या वजनाच्या सुमारे सातव्या भागापेक्षा जास्त नसावे. ती मुलानेच भरावी. आईने भरलेल्या सॅकेत बॅटरी नेमकी कोठे आहे, हे अंधारात मुलाला सापडत नाही.

आग्या मोहोळांचा विषय मात्र सविस्तर समजावून सांगावा. कड्यांवरील पोळ्यांखाली धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. माश्या उठल्याच, तर तोंड व डोके झाकून तेथून त्वरेने दूर जावे, मात्र कड्याच्या दिशेने धावू नये. रात्री बॅटरीशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे किंवा आवळपट्टी बांधणे हे उपाय घातक असून, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे.

मुक्कामाची व शेकोटीची परवानगी वनखात्याकडे आधीच विचारावी. दम्याचे किंवा ॲलर्जीचे औषध मुलाकडे द्यावे आणि त्याची माहिती गटप्रमुखाला लेखी कळवावी. संकोचापोटी मुले हे सहसा स्वतःहून सांगत नाहीत.