शास्त्रातलं ‘पाहिजे’ वाचताना या चुका टाळा

बायबल-अभ्यासाच्या एका बैठकीत मुलगा गमावलेली एक आई बसली होती. मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय चालू होता: मनुष्याच्या पुत्राने (येशू स्वतःला असं म्हणतो) पुष्कळ दुःख सोसलं पाहिजे. कुणीतरी तिच्याकडे वळून, अगदी मायेने म्हणालं, “ताई, येशूलाही सोसावं लागलं. तुमच्या बाबतीतही हे व्हायलाच पाहिजे होतं.” ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात आली नाही. मी तिथेच होतो, आणि मलाही तेव्हा काही बोलायला सुचलं नाही. त्यानंतर मी नव्या करारातलं एकेक ‘पाहिजे’ शोधून वाचू लागलो.

मूळ ग्रीकमध्ये यातल्या बहुतेक ठिकाणी ‘देइ’ हे एकच छोटं क्रियापद आहे. नव्या करारात ते शंभराच्या आसपास येतं, आणि त्यातली चाळीसेक ठिकाणं लूकचं शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये या दोन पुस्तकांत आहेत. या क्रियापदाला कर्ता नसतो. ‘गरज आहे’ एवढंच ते सांगतं. ती गरज कुणाची, कुठून आली, हे आजूबाजूच्या वाक्यांतून काढावं लागतं. आपलं ‘पाहिजे’ही असंच आहे. ‘मला पाणी पाहिजे’ आणि ‘मला गेलं पाहिजे’ यांत शब्द तोच, पण एकात हवंसं वाटणं आहे आणि दुसऱ्यात कर्तव्य. गोंधळाला सुरुवात इथूनच होते.

सगळी ‘पाहिजे’ एकाच मापाने मोजणं

योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडा. एकाच अध्यायात ‘देइ’ तीन वेळा आहे. सातव्या वचनात येशू निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याला सांगतो, तुम्हाला नव्याने जन्मलं पाहिजे. चौदाव्यात, मोशेने अरण्यात सर्प उंच केला तसं मनुष्याच्या पुत्राला उंच केलं गेलं पाहिजे. तिसाव्यात बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा, हे अवश्य आहे.

पहिलं वचन हुकूम म्हणून शिकवलेलं मी कितीदा तरी ऐकलं आहे: ‘नव्याने जन्म घ्या, लवकर घ्या!’ पण जन्म कुणी स्वतःचा स्वतः घेतो का? क्रियापद कर्मणी आहे. जन्म दिला जातो. म्हणजे हे ‘पाहिजे’ अट सांगतं, आणि ती अट माणसाच्या हातून पुरी होत नाही हेही त्याच दमात सांगतं. निकदेम गोंधळतो तो उगाच नाही. दुसरं ‘पाहिजे’ देवाच्या संकल्पाचं आहे. तिसरं एका माणसाच्या तोंडी आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात तो स्वतःला वराचा मित्र म्हणवतो, माझा आनंद पूर्ण झाला म्हणतो. त्याच्या माघार घेण्यात कुरकुर नाही.

एक सोपी कसोटी मी वापरतो. ‘पाहिजे’च्या जागी आळीपाळीने ‘ठरलेलं आहे’, ‘भाग आहे’, ‘शोभतं’, ‘देणं लागतो’ आणि ‘त्याशिवाय होणार नाही’ असं घालून वाक्य वाचायचं. बहुतेक ठिकाणी यातलं एखादंच नीट बसतं. दोन बसली तर त्या वचनावर थांबावं. तिथे खरोखरच काहीतरी दडलेलं असतं.

दैवी गरज म्हणजे नशीब समजणं

ग्रीक जगात ‘अनान्के’ म्हणजे अटळ सक्ती. तिच्यापुढे देवांचंही चालत नाही असं मानलं जाई. ‘देइ’ हा शब्द शुभवर्तमानात आला की आपणही नकळत तसंच वाचतो: कपाळी लिहिलेलं होतं, घडलं. पण अटक होताना येशू काय म्हणतो ते मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात पाहा. मी पित्याकडे मागितलं तर तो आत्ता देवदूतांच्या बारा पलटणींहून अधिक पाठवील. मग असंच झालं पाहिजे हा शास्त्रलेख कसा पुरा होणार? मदत मागण्याची वाट उघडी आहे. ती तो घेत नाही. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो हा प्याला दूर कर अशी विनवणीही करतो. नशिबाची कुणी अशी विनवणी करत नाही. विनवणी ऐकणाऱ्याची करतात. योहानाच्या दहाव्या अध्यायात तर स्पष्टच आहे: माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो.

म्हणून इथल्या ‘पाहिजे’मागे आंधळी सक्ती नाही. त्यामागे दिलेला शब्द आहे, आणि तो पाळायचं ठरवलेलं मन आहे. मेलेल्यांतून उठलेला येशू अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा खिन्न शिष्यांना ‘ख्रिस्ताने हे सोसायला नको होतं का?’ असं विचारतो, तेव्हा तो त्यांना लगेच मोशे आणि संदेष्टे यांच्याकडे घेऊन जातो. ही गरज त्या जुन्या वचनांमध्ये रुजलेली आहे.

योजना होती, मग दोष कुणाचा?

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्याच्याबद्दल बोलताना हा प्रश्न हमखास येतो. कुणीतरी धरून द्यायलाच हवं होतं, तर बिचाऱ्याचं काय चुकलं? मत्तयात येशू दोन्ही गोष्टी एका श्वासात म्हणतो: मनुष्याच्या पुत्राविषयी लिहिलं आहे तसा तो जातो, पण ज्याच्याकडून तो धरून दिला जातो त्या माणसाची केवढी दुर्दशा! अठराव्या अध्यायातही तेच: अडखळणं येणं भाग आहे (इथे शब्द ‘अनान्के’च आहे), पण ज्याच्यामुळे ते येतं त्याला धिक्कार असो. वाक्याचा पहिला अर्धा भाग घेऊन दुसरा सोडला की बिघाड होतो. हे दोन्ही कसं जुळतं याचं तत्त्वज्ञान शुभवर्तमान मांडत बसत नाही, आणि आपणही ते चुटकीसरशी जुळवून दाखवू नये.

वधस्तंभाचं ‘पाहिजे’ दुसऱ्याच्या दुःखावर लादणं

सगळ्यांत जास्त इजा या चुकीने होते. त्या आईच्या बाबतीत हीच झाली.

मार्क आठमधलं ‘सोसलं पाहिजे’ येशू स्वतःबद्दल म्हणतो. दुसऱ्याचं दुःख समोर आल्यावर त्याच्या तोंडी कोणतं ‘पाहिजे’ येतं, हे लूकच्या तेराव्या अध्यायात दिसतं. शब्बाथाचा, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याचा दिवस, सभास्थान. अठरा वर्षं कंबरेत वाकलेली, अजिबात सरळ उभी राहू न शकणारी एक बाई. येशू तिला जवळ बोलावतो, हात ठेवतो, ती ताठ होते आणि देवाचं गौरव करू लागते. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, आणि लोकांकडे पाहून म्हणतो, काम करायला पाहिजेत असे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. त्याच्या वाक्यात ‘देइ’ आहे. येशू त्याला उत्तर देतो: तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेतो ना? मग सैतानाने अठरा वर्षं बांधून ठेवलेल्या या अब्राहामाच्या कन्येला शब्बाथ दिवशी या बंधनातून सोडवायला नको होतं का? इथेही तेच क्रियापद, भूतकाळात: ‘एदेइ’. बैलाला सोडणं आणि बाईला सोडवणं यांसाठीही मुळात एकच क्रियापद वापरलं आहे.

म्हणजे एकाच प्रसंगात दोन ‘पाहिजे’ समोरासमोर उभे आहेत. एकाचं म्हणणं, नियम पाळलाच पाहिजे, तिने आणखी एक दिवस थांबावं. दुसऱ्याचं म्हणणं, तिला आजच मोकळं केलं पाहिजे. तिने अठरा वर्षं वाकून राहणं ही देवाची गरज होती, असं येशू एका शब्दानेही सुचवत नाही. बांधणारा कोण हे तो नाव घेऊन सांगतो, आणि देवाची गरज सोडवण्यात आहे असं धरून चालतो. याच अध्यायाच्या सुरुवातीला शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा विषय निघतो. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का? नाही, मी तुम्हाला सांगतो.

यावर कुणी कृत्यांच्या चौदाव्या अध्यायातलं वचन पुढे करील: आपल्याला पुष्कळ संकटांतून देवाच्या राज्यात जावं लागतं. हे आहे, आणि ते टाळू नये. पण बोलतो कोण? पौल. कुठे? लुस्त्र, इकुन्या आणि अंत्युखियाला परत गेल्यावर. त्याच लुस्त्रात थोड्याच दिवसांपूर्वी लोकांनी त्याला दगडमार करून, मेला असं समजून शहराबाहेर ओढत नेलं होतं. ‘आपल्याला’ म्हणताना त्या जखमा त्याच्या अंगावर असणार. तुम्ही स्वतः त्या ‘आपल्या’त बसत असाल तरच हे वचन समोरच्याला सांगा. नाहीतर नुसतं शेजारी बसा.

कर्तव्याला परतफेड समजणं

‘देइ’खेरीज आणखी एक शब्द आहे: ‘ओफेइलो’. हा सरळ हिशेबाच्या वहीतला शब्द, म्हणजे देणं लागणं. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तय ज्यांना ऋणं म्हणतो तो शब्द याच घराण्यातला. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि म्हणतो, मी तुमचे पाय धुतले, म्हणून तुम्हीही एकमेकांचे पाय धुणं लागता. साध्या व्यवहारात काय झालं असतं? त्याने माझे धुतले, मी त्याचे धुवायचे. इथे ऋण त्याचं आहे, पण फेडायचं शेजाऱ्याकडे. योहानाच्या पहिल्या पत्रातही हीच चाल आहे: देवाने आपल्यावर अशी प्रीती केली, तर आपणही एकमेकांवर प्रीती केली पाहिजे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात राजाचं कर्ज असलेला एक चाकर आहे, त्याचं गणित करून पाहा. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी धरा. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार, आणि त्याचं कर्ज 10,000 तालांत, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. ते माफ होतं. बाहेर पडून तो शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मग राजा विचारतो: मी तुझ्यावर दया केली तशी तूही करायला नको होती का? इथे पुन्हा ‘एदेइ’ आहे. हे कर्तव्य माफीच्या आधी त्याच्यावर नव्हतं. ते माफीतून आलं.

दहा आज्ञाही अशाच वाचाव्यात. निर्गम विसाव्या अध्यायात ‘मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं’ हे वाक्य पहिल्या आज्ञेच्या आधी येतं. पाठांतरात नेमकं तेच गळतं.

स्वतःवरची सक्ती दुसऱ्यावर टाकणं

पौल करिंथकरांना लिहितो, सुवार्ता सांगणं मला भाग आहे, सांगितली नाही तर माझी दुर्दशा होवो. शब्द ‘अनान्के’. त्याच करिंथकरांना दानाविषयी दुसऱ्या पत्रात लिहितो, कुणी ‘अनान्के’ने देऊ नये, मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं. फिलेमोन या सोबत्याला लिहिलेल्या पत्रातही तो म्हणतो, आज्ञा करण्याचं धैर्य मला आहे, तरी मी प्रीतीने विनंती करतो. जो शब्द तो स्वतःच्या खांद्यावर घेतो, तो समोरच्याच्या खांद्यावर ठेवत नाही. वर्गणी, सेवा, हजेरी यांसाठी ‘देवाला हे पाहिजेच आहे’ असं सांगण्याआधी या तीन पत्रांतल्या या ओळी शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात.

आणि एक ‘एदेइ’ राहिलाच. लूकच्या पंधराव्या अध्यायात धाकटा मुलगा परत आलेला आहे, आत मेजवानी चालू आहे, थोरला बाहेर उभा. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, असं तो बापाला ऐकवतो. बाप म्हणतो, आनंद करायला पाहिजे होता. कुणी, ते ग्रीक वाक्यात नाही. ‘तू’ नाही, ‘मी’ नाही. हा तुझा भाऊ मेला होता, तो जिवंत झाला, एवढंच कारण तो देतो. थोरला मग आत गेला का, हे लूक लिहीत नाही.