खलनायकावर ‘हा कामातून गेला’ असा शिक्का मारण्याआधी या चुका टाळा

आमच्या हौशी मंडळाच्या तालमी शाळेच्या वर्गात चालतात. बाकं भिंतीला लावायची, फळ्यावरचा सुविचार पुसायचा नाही आणि नऊ वाजता शिपाईमामांनी किल्ल्या वाजवल्या की आवरायचं. गेल्या पावसाळ्यात मीच लिहिलेली एकांकिका बसवत होतो. तिच्यात एक धाकटा दीर आहे. भाऊ गेल्यावर तेराव्याच्या आत तो वहिनीची हक्कसोडपत्रावर सही घेतो, जमीन आपल्या नावावर करून घेतो आणि शेवटच्या प्रवेशात तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडतो. हा प्रवेश मला फार जमलाय असं वाटत होतं. दिराचं काम करणारा मुलगा पतपेढीत कामाला आहे. त्याने वही मिटली आणि विचारलं, "काका, रडतो ते ठीक आहे. पण सातबाऱ्यावर नाव कोणाचं राहतं?"

मला उत्तर देता आलं नाही.

खलनायकाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच निकाल तयार असतात. एक, "बिचारा, परिस्थितीने तसा झाला." दोन, "असल्याला उभा जाळला पाहिजे." दोन्ही बोलणारे चहा संपायच्या आत मोकळे होतात. पात्र खरोखर परतीच्या पलीकडे गेलंय का, हे ठरवताना मी स्वतः ज्या चुका वर्षानुवर्षं केल्या, त्या खाली मांडतोय.

पापांची मोजदाद

‘इतके खून केल्यावर कसली सुधारणा?’ हा सगळ्यात झटपट युक्तिवाद. पण वाल्याची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. दर खुनामागे एक खडा, आणि अशा खड्यांनी भरलेले सात रांजण. आकड्यावरून निकाल द्यायचा तर गोष्ट तिथेच संपायला हवी होती. ती संपत नाही, कारण नारद त्याला एक प्रश्न विचारून घरी पाठवतात. या पापात बायकापोरं वाटेकरी होणार का? घरचे म्हणतात, पाप तुमचं, ते तुम्हीच निस्तरा. इथे वाल्या घरच्यांवरच कुऱ्हाड उचलू शकला असता. नारद खोटारडा आहे असं म्हणू शकला असता. पण ऐकलेलं उत्तर त्याने खरं मानलं. माणूस वळला तो त्या क्षणी. ‘मरा मरा’चा जप आणि अंगावरचं वारूळ नंतरचं.

खड्यांचा आकडा शिक्षा ठरवायला कामाचा. माणूस वळू शकतो की नाही, ते त्यावरून कळत नाही. (त्या सात रांजणांतल्या माणसांच्या घरच्यांचं पुढे काय झालं, हे मात्र गोष्ट सांगत नाही. मोठेपणी ते खटकायला लागतं, आणि खटकावंच.)

रडला म्हणजे सुधारला

ही माझीच चूक, आणि ती चारशे वर्षांपूर्वी शेक्सपिअरने पकडून ठेवली होती. ‘हॅम्लेट’मधला राजा क्लॉडियस सख्ख्या भावाचा खून करून सिंहासनावर बसलाय, भावाची बायको राणी करून घेतलीय. तिसऱ्या अंकात तो एकटाच प्रार्थनेला बसतो. पाप कबूल करतो, स्वतःचा धिक्कार करतो, आणि मग फार प्रामाणिकपणे एका हिशेबापाशी अडतो. ज्याच्यासाठी खून केला तो मुकुट आणि ती राणी अजून माझ्याकडेच आहेत. त्या ठेवून माफी कशी मागायची? मुकुट काही तो उतरवत नाही. गुडघ्यावरून उठतो आणि पुढच्या खुनाच्या तयारीला लागतो. आगरकरांनी 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणलं, म्हणजे सातबाऱ्याचा प्रश्न मराठी वाचकाला तेव्हापासून उपलब्ध होता. मलाच तो पतपेढीतल्या मुलाकडून कळायचा होता.

तेव्हा पात्र रडलं की लगेच त्याच्या हातांकडे बघा. लुटलेलं अजून हातात आहे का? शेक्सपिअरच्याच मॅकबेथला हातांवरचं रक्त दिसतं, झोप लागत नाही, आणि तरी तो पुढचे मारेकरी पाठवतोच. झोप उडणं हा पश्चात्ताप नव्हे.

बालपणाची फाईल काढणं

अन्याय झाला होता हे खरं असू शकतं, आणि त्यानंतर केलेलं कृत्यही तेवढंच खरं असू शकतं. एकाने दुसरं खोडलं जात नाही. मराठी वाचकाला हे कर्णाच्या बाबतीत सगळ्यात जड जातं. आपण त्याच्यावर इतकं प्रेम केलंय की द्यूतसभेत द्रौपदीचं वस्त्र ओढायला सांगणारा तोच होता, हे आठवण करून दिलं तर माणसं दुखावतात. सूतपुत्र म्हणून झालेला अपमान त्या वाक्याचं कारण असेल, पण त्याने ते वाक्य पुसलं जात नाही.

गंमत म्हणजे कर्णाच्या बाजूने त्याहून भक्कम पुरावा महाभारतातच आहे, आणि तो आपण क्वचित वापरतो. उद्योगपर्वात कृष्णाशी एकांतात बोलताना तो म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा आज मला ताप होतोय. या कबुलीत तो ना कवचकुंडलं मध्ये आणतो ना जन्मरहस्य. ‘मी बोललो’ असं सरळ म्हणतो. आणि तरीही राहतो दुर्योधनाकडेच. त्याच्याबद्दलचा वाद मिटत नाही तो या दोन गोष्टी एकाच तोंडून आल्यामुळे.

टाळ्या म्हणजे माफी समजणं

अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आलं. नाव बदलून, वेष बदलून बायकांना लग्नाच्या जाळ्यात ओढणारा लखोबा लोखंडे कोर्टात उभा आहे, आणि प्रभाकर पणशीकरांनी तो असा रंगवला की प्रेक्षक फसवणाऱ्यावरच खूश. बुद्धिमान, हजरजबाबी खलनायक आपल्याला आपलासा वाटतो आणि मग ‘मनाने तसा वाईट नसावा’ असं आपणच ठरवून टाकतो. लखोबाचा निकाल तर नाटकाच्या नावातच लागलाय. परतीचा रस्ता ‘तो मीच’ या दोन शब्दांपासून सुरू होतो, आणि हा गृहस्थ शेवटपर्यंत तिसरा शब्द जोडत राहतो.

याची उलटी बाजू नट निळूभाऊ फुल्यांनी भोगली. पडद्यावरच्या पाटलावरचा राग बायाबापड्यांनी सेवादलातून आलेल्या त्या साध्या माणसावर काढला. नट आवडला म्हणून पात्राला सूट नाही, आणि पात्राची चीड आली म्हणून नटाला शिव्या नाहीत. याहून जास्त त्यात काही नाही.

दुसऱ्याने दिलेलं याच्या खात्यावर जमा करणं

‘एकच प्याला’तली सिंधू मरणाच्या दारात असताना फौजदारासमोर नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. त्यातून सिंधू कशी होती ते कळतं. सुधाकराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. माफी हा देणाऱ्याचा निर्णय असतो. न सुधारलेल्यालाही ती मिळते, आणि सुधारलेल्यालाही नाकारली जाते.

तेच बक्षिसाचं. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि त्याला आधी कोण दिसावं? आसनावर विराजमान दुर्योधन! धर्मराज इतका संतापतो की याच्यासोबत मला स्वर्गही नको म्हणतो. दुर्योधनाला ती जागा मिळाली ती क्षत्रियासारखा रणात पडला म्हणून. पश्चात्तापाचा तिथे संबंधच नाही. सुईच्या अग्रावर मावेल एवढी जमीनही देणार नाही म्हणणारा हा माणूस, मांड्या मोडून पडलेला असताना पांडवांची पोरं झोपेत मारली गेल्याची बातमी ऐकतो आणि समाधानाने प्राण सोडतो. कीर्तनात कधीकधी या जागी त्याला हळहळताना दाखवतात. सौप्तिकपर्वात तो हळहळत नाही.

मग बघायचं कुठे?

दारापाशी. त्याला परत फिरायची संधी कधी मिळाली, ती त्याला दिसली का, आणि किंमत मोजायची वेळ आली तेव्हा त्याने काय केलं? हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते अश्वत्थाम्यात, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबतो.

युद्ध संपलंय. वडिलांना खोटी बातमी सांगून शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मग मारलं. म्हणजे राग खरा आहे. वडाखाली कृप आणि कृतवर्मा दमून झोपलेत, हा जागा. वर झाडावर घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून फाडतं. त्याला कल्पना सुचते. तो दोघांना उठवतो. कृपाचार्य मामा आहेत, समजावतात: आज झोप, सकाळी धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना विचारू, ते म्हणतील तसं करू. हे पहिलं दार. फक्त रात्र काढायची होती.

अश्वत्थामा काय म्हणतो बघा. हे पाप आहे हे मला माहीत नाही, असं तो म्हणत नाही. बापाला मारणाऱ्यांना झोपेत मारून पुढचा जन्म किड्याचा किंवा पतंगाचा मिळाला तरी चालेल, असं म्हणतो. किंमत माहीत आहे, ती मोजायची तयारी आहे, फक्त ती भलत्याच गोष्टीसाठी. मग तो छावणीत शिरतो. धृष्टद्युम्न विनवतो की निदान शस्त्राने मार. तो लाथांनी तुडवून मारतो. द्रौपदीची पाचही मुलं जातात.

दुसरं दार नंतर उघडतं. पांडव माग काढत येतात, तो गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, अर्जुनही सोडतो, आणि व्यास-नारद मध्ये उभे राहतात: दोघंही अस्त्र आवरा. अर्जुन आवरतो. अश्वत्थाम्याला आवरता येत नाही, आणि आपण भीतीपोटी अधर्म केला हे तो व्यासांपाशी कबूलही करतो. इथपर्यंत त्याच्याबद्दल थोडं वाईट वाटू शकतं. पण ‘जमत नाही’ आणि ‘करायचं नाही’ यांतली रेघ पुढच्याच क्षणी दिसते. अस्त्र कुठे पडेल हे त्याच्या हातात आहे, आणि तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. अस्त्र मागे घेणं जमलं नाही हे खरं, पण दिशा त्याने स्वतः निवडली.

तेव्हा कागदावरचा निकाल कडक आहे. दोन दारं उघडली, दोन्ही त्याने बघितली, दोन्ही स्वतःच्या हाताने लावून घेतली. पण महाभारताने त्याला मारलं नाही. कपाळावरचा मणी काढून घेतला, तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप दिला आणि सोडून दिलं. ती उरलेली जागा आपल्या लोकांनी भरली. नर्मदेच्या काठाने परिक्रमा करणाऱ्यांत आजही सांगतात की कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो फिरतो. आणि नंदुरबारच्या सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर धनत्रयोदशीच्या सुमाराला आदिवासी भाविक रात्रभर चढून जातात, ते त्याच्याच दर्शनाला. मला हे अनेक वर्षं कळायचं नाही. झोपलेल्या पोरांना मारणाऱ्याच्या दर्शनाला कोण जातं? आता वाटतं, चढणाऱ्यांना त्याने काय केलं हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असावं. त्यांना दिसतो तो अजून चालणारा, दुखणं घेऊन फिरणारा माणूस. कथा संपलेली नसेल, तर निकालही ‘अजूनपर्यंत’ एवढाच देता येतो.

तरीही अडकलात तर

दार कधी उघडलंच नसेल, तर ‘सुधारणेपलीकडचा’ म्हणू नका, ‘माहीत नाही’ म्हणा. पुष्कळ खलनायक फक्त नायकाने मारावं म्हणून जन्माला येतात, त्यांना कोणी प्रश्नच विचारलेला नसतो.

पात्राला निवड करण्याची शक्तीच नसेल, तर हा वाद गैरलागू आहे. पुराच्या पाण्याला पश्चात्ताप होत नाही.

मालिका असेल, तर आधी कोणत्या वळणानंतर स्वभाव बदलला ते बघा. सहाशे भाग विष कालवणारी सासू गणपतीच्या आठवड्यात अचानक मायाळू झाली, तर तो तिचा बदल नाही, लेखकांच्या खोलीतला आहे.

आणि ‘ऑथेल्लो’ नाटकातला इयागो भेटला तर? बढती हुकली, बायकोचा संशय, अशी दर प्रवेशात नवी कारणं देणारा हा माणूस पकडला गेल्यावर म्हणतो की आता मी एक शब्द बोलणार नाही. दार उघडं आहे, विचारणारे समोर उभे आहेत, आणि तो तोंड मिटतो. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने त्याच्या द्वेषाला हेतूच नाही म्हटलं होतं. माझ्या मते हेतू असेलही, पण तो आपल्याला द्यायला तो तयार नाही. परतीच्या पलीकडचा म्हणायला मला सगळ्यात कमी संकोच वाटतो तो याच्याबाबतीत.

एकांकिकेचं सांगायचं राहिलं. शेवटचा प्रवेश मी पुन्हा लिहिला. दीर आता रडत नाही. जमीन वहिनीच्या नावावर करणारं बक्षीसपत्र टेबलावर ठेवतो, वर पेन ठेवतो आणि उभा राहतो. वहिनी कागद वाचते, घडी घालते, पदराला बांधते आणि त्याच्याकडे न बघता चुलीकडे जाते. प्रयोगानंतर वहिनीचं काम करणारी बाई मेकअप पुसत म्हणाली, "मी त्याला माफ केलं की नाही, ते मला तुम्ही सांगितलंच नाहीत." पतपेढीवाला मागून ओरडला, "ते सोड, नोंदणी झाली का विचार!"