धर्मग्रामाच्या सोशल मीडियाची सेवा नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाचं (एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजाचं) फेसबुक पान, यूट्यूब चॅनेल आणि व्हॉट्सअॅप गट मी बरीच वर्षं सांभाळते आहे. नवी मुलं आली की आधी विचारतात, कॅमेरा कुठला घ्यायचा? मी त्यांना पहिल्यांदा मयताची सूचना लिहायला बसवते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचली जाते ती हीच. चर्चची घंटा गावाला कळवते, पण निम्मं घर आखातात नाहीतर कॅनडात असतं. सूचनेत पूर्ण नाव हवं, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव हवं, आळी हवी. एकाच नावाची माणसं एकाच गावात सापडतात, म्हणून घराण्याचं बोलतं नावही घाला. अंत्ययात्रा घरून कधी निघणार आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, किती वाजता, हे वेगवेगळ्या ओळींत लिहा. आणि घरच्यांनी 'टाका' म्हटल्याशिवाय टाकू नका. परदेशातल्या लेकीला बाप गेल्याचं गटावरून कळणं फार वाईट.

मिस्साच्या थेट प्रक्षेपणाची सवय २०२०च्या टाळेबंदीत लागली. त्यात खर्च करायचाच तर आवाजावर करा. साउंड सिस्टीमच्या मिक्सरमधून थेट वायर घ्या. मोबाइलच्या माइकवर पंखे आणि खोकलाच ऐकू येतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीला प्रवचन नीट ऐकू आलं पाहिजे, वेदी चार बाजूंनी दिसली नाही तरी चालेल. कम्युनिअन, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊ नका.

पण खरी सेवा प्रक्षेपण संपल्यावर सुरू होते. व्हॅटिकनने २००२ सालीच स्पष्ट लिहिलं होतं की इंटरनेटवर संस्कार (कम्युनिअनसारखे चर्चचे पवित्र विधी) होत नाहीत. त्यामुळे कॉमेंटमध्ये कुणी 'आईला चर्चला येता येत नाही' असं लिहिलं, तर हात जोडल्याची इमोजी टाकून मोकळं होऊ नका. फोन करा, पत्ता घ्या, फादरांना कळवा. त्या आईच्या घरी कम्युनिअन पोचलं पाहिजे. आम्ही अशा नावांची एक वही ठेवतो आणि दर आठवड्याला फादरांपुढे ठेवतो. लाइक किती आले यापेक्षा मला त्या वहीची काळजी जास्त वाटते.

धर्मशिक्षणाच्या मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीनेच, आणि फोटोखाली मुलांची नावं नकोत. भाषा साधी मराठी ठेवा. सणाच्या आमंत्रणाला सामवेदी किंवा वाडवळी या इथल्या बोलींतून चार वाक्यं बोललात तर म्हातारी माणसंही व्हिडिओ पुढे पाठवतात. नव्या इमारतींमध्ये केरळ, मंगळूरहून आलेली कुटुंबं असतील, तर मिस्साच्या वेळा इंग्रजीतही द्या.

कॉमेंटमध्ये भांडणं होतील, धर्मावरून टोमणेही येतील. व्हॅटिकनच्या संज्ञापन विभागाने मे २०२३ मध्ये सोशल मीडियाविषयी जे चिंतन प्रसिद्ध केलं, त्याच्या मुळाशी येशूने सांगितलेला, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या शोमरोनी माणसाचा दाखला आहे. गटात नव्याने येणाऱ्याला मी तो दाखला वाचायला लावते. शिवीगाळ काढून टाका. प्रश्न खरा असेल तर उत्तर द्या, आणि उत्तर येत नसेल तर फादरांना विचारून द्या.

एक काम आजच करा. सगळी खाती धर्मग्रामाच्या कार्यालयाच्या ईमेलवर आणि कार्यालयाच्याच मोबाइल क्रमांकावर घ्या. धर्मगुरूंची बदली होते, मुलं नोकरीसाठी बाहेर जातात. पासवर्ड कागदावर लिहून कार्यालयाच्या कपाटात ठेवा आणि किमान दोघांना ते कपाट ठाऊक असू द्या.