सीस्केपमध्ये पांढरा रंग कुठे असतो?

नाशिकला समुद्र नाही. आर्ट कॉलेजात फाउंडेशनच्या वर्षाला असताना सीस्केप, म्हणजे समुद्राचं चित्र करायला सांगितलं, तेव्हा मी मोबाइलमधला फोटो समोर ठेवला, सेरुलियन ब्लू ट्यूबमधून काढून तसाच शीटभर फिरवला आणि लाटांचा फेस पांढऱ्या पोस्टर कलरने थापला. सर काही बोलले नाहीत. स्वतःचं एक जुनं काम काढून म्हणाले, "यात पांढरा रंग दाखव." मी तीन जागा दाखवल्या. तिन्ही ठिकाणी कोरा कागद होता.

म्हणून आता जलरंगातलं सीस्केप बघताना मी आधी कागद कुठे सोडलाय ते शोधतो. फेसाची कडा एका बाजूला कडक असते, तिथे ब्रश कोरड्या कागदावर थांबलाय. दुसऱ्या बाजूला ती पाण्यात विरते, कारण रंग ओला असतानाच स्वच्छ ओल्या ब्रशने ओढून घेतलाय. लांबच्या पाण्यावरची चमचम ड्राय ब्रशची. कमी पाण्याचा ब्रश आडवा धरून रफ पेपरवरून झरकन नेला की रंग उंचवट्यांवरच बसतो, खळगे कोरे राहतात. गुळगुळीत कागदावर हे होत नाही. त्यात माझ्या बऱ्याच शीट वाया गेल्या. इंग्लिश चित्रकार टर्नर (१७७५–१८५१) तर अंगठ्याच्या नखाने रंग खरवडून कागद पुन्हा उघडा करायचा.

रंगासाठी चित्र जवळून, तिरकं बघा. अल्ट्रामरीन या निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत उतरतात, पाणी रवाळ दिसतं. थॅलो ब्लू सपाट बसतो आणि कागदाला धरतो, नंतर उचलायला गेलं तरी पूर्ण निघत नाही. करडा बहुतेकदा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाचा असतो, काळ्या ट्यूबचा नव्हे. आणि पाणी निळंच हवं, हा हट्ट सोडा. पावसाळ्यात गोदेला पूर आला, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, की लांबून, उंचावरून बघा. खाली सगळा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणि वर ढगांचा करडेपणा. गढूळ समुद्रही असाच रंगतो. (कडेला उभं राहून स्केच करू नका, एवढं सांगायला हवं.)

इथल्या कोरड्या उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, बघता बघता वाळतो. अर्धवट वाळलेल्या पॅचवर पाणी गेलं की फुलकोबीसारखा डाग उठतो.

सरांच्या त्या कामातही क्षितिजाखाली असा एक डाग होता. कित्येक महिने मी त्याला ढगाची सावली समजून मनातल्या मनात दाद देत होतो. शेवटी विचारलं, तर हसले. "अरे, ब्रशमधून थेंब पडला होता."