रिबिल्डमध्ये कार्बन काढताना: बिडाला वेगळं, पिस्टनला वेगळं

गळीत हंगाम संपला की अथणी, रायबाग, चिकोडी, निपाणी पट्ट्यातले ट्रॅक्टर हेड (इंजिनवरचं झाकण) उतरवून रिबिल्डला, म्हणजे इंजिन खोलून पुन्हा बांधायला, गॅरेजात येतात. हंगामभर दोन-दोन ट्रॉल्या ओढायच्या आणि कारखान्याच्या यार्डात रांगेत तासन्‌तास इंजिन घुरघुरत ठेवायचं, मग कार्बन धरणारच. आयडलिंगला सिलिंडर पुरता तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी तेलाच्या चिकट थरावर बसत जाते. पुढे ओझ्यावर तोच थर भाजून दगड होतो.

खरवडायला घेण्याआधी प्रत्येक पिस्टनचा, व्हॉल्व्हचा आणि हेडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दोष कुठे आहे ते कार्बनच सांगतो. कोरडी, भुसभुशीत काजळी म्हणजे डिझेल जास्त पडतंय, हवा कमी मिळतेय किंवा आयडलिंग फार झालंय. ओलसर, चकाकणारा थर म्हणजे तेल वर येतंय. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर जाड डिखळं असतील तर गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) किंवा त्याचं सील गेलंय. तीन पिस्टन काळे आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर तिथे पाणी शिरतंय. गॅस्केट आणि हेडची भेग तपासा.

आता भाग वेगळे करा. बीड (कास्ट आयर्न) आणि पोलाद एका बाजूला, अ‍ॅल्युमिनियम दुसऱ्या. शंका आली तर लोहचुंबक लावा. फक्त एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं काही वेळा चुंबकाला चिकटत नाही, तरी ते पोलादच असतं. ही वाटणी चुकली की पुढचं सगळं चुकतं: कॉस्टिक सोडा बिडाच्या हेडला काही करत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम खातो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो. कॉस्टिकच्या ड्रममध्ये रात्रभर राहिलेला पिस्टन सकाळी भंगारातच जातो.

बिडाच्या हेडसाठी लोखंडी ड्रममध्ये 20 लिटर पाणी घ्या आणि त्यात 1 किलो कॉस्टिक थोडं थोडं सोडा. उलट, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका; ते उसळून तोंडावर येतं. रबरी हातमोजे आणि गॉगल हवेतच. कातडीवर उडालं तर 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर तेवढा वेळ धुऊन थेट दवाखाना गाठा. हेडवरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, थर्मोस्टॅटचं घर, जस्ताचा मुलामा असलेले नट आधी काढून ठेवा. पाणी 70 ते 80 अंशांवर ठेवून चार ते सहा तास बुडवा, मग तारेच्या ब्रशने घासा. पाणी आणि तेलाच्या वाटांतून जोरात पाणी मारा, हवा मारा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडच्या ओल्या हवेत, उघड्या बिडावर तासाभरात तांबूस गंज दिसायला लागतो. वापरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नका.

पिस्टनचं काम वेळखाऊ, आणि घाई नडते ती इथेच. आधी क्रम आणि पुढची बाजू दाखवणारी खूण तारेने बांधून ठेवा. मार्करची खूण डिझेलमध्ये पुसली जाते. मग पिस्टन झाकणाच्या बादलीत डिझेलमध्ये 24 तास भिजत ठेवा. डिझेलने कार्बन विरघळत नाही. त्याला धरून ठेवणारा तेलाचा डिंक मऊ होतो. नंतर कडक गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून धुवा आणि जाड थर लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. उरलेल्याला पितळी ब्रश. पुरता निघाला नाही तर पुन्हा भिजवा. गॅसच्या टॉर्चने कार्बन जाळायचा उद्योग करू नका. त्या उष्णतेने पिस्टन मऊ पडतो. बाथरूम धुवायच्या अ‍ॅसिडने कार्बन जात नाही, धातू मात्र जातो. स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) काळसर मुलामा असेल तर तो कंपनीने दिलेला असतो. त्याला कार्बन समजून घासू नका.

रिंगच्या खाचा साफ करायला जुनीच रिंग मोडून तिचं टोक काटकोनात घासून घ्या. तळाचा कार्बन ओढून काढा, पण खाचेच्या वरच्या-खालच्या भिंतींना धार लागू देऊ नका. रिंग त्या भिंतींवरच टेकून सील करते. तिथे ओरखडा पडला की नवी रिंग बसवूनही धूर राहतो. बऱ्याच डिझेल पिस्टनची पहिली खाच उतरती (तिरक्या भिंतींची) असते, तिला त्याच आकाराची रिंग वापरा. ऑइल रिंगच्या मागची भोकं योग्य मापाचं ड्रिल हाताने फिरवून मोकळी करा. ती बुजलेली राहिली तर तेल खाली परतत नाही, वर जळतं आणि कार्बन पुन्हा तिथेच जमतो. शेवटी सरळ खाचेत नवी रिंग घालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा: 0.15 मिमीची पट्टी सहज शिरत असेल तर तो पिस्टन बदला. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने लावा, म्हणजे ज्याची सीट (हेडमधली बसायची जागा) त्यालाच जाते. डोक्याच्या पाठीवरचा दगड तारेच्या चाकाने उडवला तरी चालतो, पण सीटवर बसणारी कड आणि गाईडमधली दांडी यांना चाक लावू नका. लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झाल्यावर स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये डिझेल ओता. पाच मिनिटांत थेंब झिरपला तर पुन्हा लॅपिंग. इंजेक्टरच्या टोकाला तारेचा ब्रश अजिबात नको. भोकं केसाएवढी असतात. तो इंजेक्टर-पंप दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

लायनर (पिस्टन वरखाली होतो ती नळी) तोच ठेवणार असाल तर वरच्या टोकाला नखाने चाचपा. कार्बन काढूनही कंगोरा लागत असेल तर तो धातूचा आहे, झिजेने झालेला. तो तसाच ठेवून नव्या रिंग बसवल्या तर पहिली रिंग त्यावर आदळून तुटते. असा लायनर बदला किंवा ब्लॉक बोअरिंगला बेळगावच्या उद्यमबागेत पाठवा.

गॅस्केटच्या जागेसाठी ग्राइंडरवरची घासणारी नायलॉन चकती झटपट वाटते, पण तिच्यातून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड उडते. ती तेलात गेली की बेअरिंग खाते. जनरल मोटर्सने आपल्या डीलरांना ती वापरू नका असं लेखी कळवलं होतं. साधी खरवडपट्टी बरी. काचेच्या मण्यांचा (ग्लास बीड) जोरात मारा करून साफ, म्हणजे ब्लास्ट केलेला पिस्टनही खाचांत मणी घेऊनच येतो, म्हणून पिस्टनला ब्लास्टिंग नकोच.

बांधणीआधी सगळे भाग साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा धुवा, तेलाच्या प्रत्येक वाटेतून ब्रश आणि हवा काढा. मग लायनर तेलात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं करडं निघालं तर परत धुवा, पांढरं निघेपर्यंत.