डेस्कटॉपला वायफाय कार्ड: आधी कॅबिनेट उघडा, मग बाजार गाठा

आमच्या इंदूरच्या रामबागेत जुन्या घरांच्या भिंती चांगल्या दीड-दीड हात जाड. फायबरवाला येतो, पुढच्या बैठकीत राउटर लावून निघून जातो. कॉम्प्युटर असतो मागच्या खोलीत, आणि मधल्या भिंतीला भोक पाडायचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं डोळे वटारतात. मग माझ्याकडे विचारणा होते, "काकू, डेस्कटॉपला वायफाय बसतं का हो?" माझा टायपिंगचा क्लास होता, पुढे त्याच टेबलांवर कॉम्प्युटर आले, तेव्हापासून गल्लीतली ही कामं माझ्याच गळ्यात.

बसतं, आणि पेचकस धरता येणाऱ्या कुणालाही बसवता येतं. पण दाराच्या चौकटीवरून पट्टीतून केबल नेता येत असेल, तर सरळ केबलच न्या. तिची सर वायफायला नाही. ज्यांना ते जमण्यासारखं नाही त्यांच्यासाठी पुढचं सगळं. कार्ड बसवण्याची धास्ती घेऊ नका, ते दहा-पंधरा मिनिटांचं काम. घोळ होतो तो आधी चुकीचं कार्ड आणल्याने आणि नंतर अँटेना टेबलामागे कोंबल्याने.

बाजारात जाण्याआधी

कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा, आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. मागचे दोन स्क्रू काढून कॅबिनेटचं झाकण सरकवा. आमच्या माळव्याच्या उन्हाळ्यात आत धुळीची गोधडीच सापडते. रंगकामाचा कोरडा ब्रश घ्या आणि हलक्या हाताने झाडा. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते.

आता मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, काय मोकळं आहे ते बघा. खालच्या बाजूला आडव्या खाचा असतात. लांबलचक असते ती ग्राफिक्स कार्डाची. तिच्याजवळ जेमतेम पेराएवढी छोटी खाच दिसली तर ती पीसीआय एक्सप्रेस एक्स-१, वायफाय कार्ड बहुतेक तिच्यासाठीच बनतात. छोटी भरलेली असेल आणि लांब मोकळी असेल तरी चालतं, छोटं कार्ड मोठ्या खाचेत बिनदिक्कत काम करतं. फार जुन्या मशिनींत पांढऱ्या लांब खाचा असतात. त्या जुन्या पीसीआयच्या, त्यांत आजचं कार्ड बसणार नाही. अशा मशिनीला बाहेरून यूएसबीत खोचायचा वायफायचा डोंगलच लावा.

नव्या मदरबोर्डांवर कधीकधी एम-डॉट-२ ची एक बुटकी जागा खास वायफायसाठी ठेवलेली असते. तिथे बोटाच्या पेराएवढं उघडं कार्ड बसतं. इथे एक सापळा आहे, तो नीट वाचा. इंटेलचं एएक्स२१० आणि एएक्स२११ ही दोन कार्डं दिसायला सारखीच. एएक्स२१० इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरांवर चालतं. एएक्स२११ फक्त इंटेलच्या ठराविक प्रोसेसर-मदरबोर्डांवर चालतं, कारण वायफायचं अर्धं काम ते मशिनीच्या चिपसेटवर सोपवतं. एएक्स२०० आणि एएक्स२०१ यांची गोष्टही हीच. शेवटी १ आला की दहादा विचारा.

कॅबिनेट उभट, सडपातळ, ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मशिनीसारखं असेल तर आणखी एक बघा. त्यात कार्डाची पूर्ण उंचीची लोखंडी पट्टी मावत नाही, अर्धी लागते. चांगल्या कार्डाच्या खोक्यात दोन्ही पट्ट्या येतात. खाचांचा आणि मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुकानात शब्दांपेक्षा फोटो लवकर समजतो.

सिल्वर मॉलमध्ये काय मागायचं

आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये कॉम्प्युटरची दुकानं एकाला एक लागून आहेत, तेव्हा पहिल्याच दुकानात खिसा मोकळा करू नका. काउंटरवरचा मुलगा खोकं पुढे सरकवून म्हणेल, "आंटीजी, बारा सौ की स्पीड है, डब्बे पे लिखा है." लिहिलेलं असतं खरं. पण ते १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची गोळाबेरीज. तुमचा कॉम्प्युटर एका वेळी यांतल्या एकाच पट्ट्यावर (बँडवर) असतो, आणि ते आकडेही हवेतल्या जोडणीचे कमाल आकडे, प्रत्यक्ष डाउनलोड त्याहून बरंच कमी. घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा तीन गोष्टी बघा. कार्ड २.४ आणि ५ अशा दोन्ही बँडचं हवं, नुसतं २.४ वालं स्वस्त मिळतं, घेऊ नका. अँटेना वायरवर लांब नेता येईल अशी, खाली चुंबकाचं बूड असलेली हवी, याचं कारण पुढे येईलच. आणि विंडोज कोणतं आहे ते आठवून जा: विंडोज ७ वर एएक्स२१० चा ड्रायव्हरच (कार्ड चालवणारा प्रोग्राम) नाही, त्याला ६४ बिटचं विंडोज १० किंवा ११ लागतं. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. चालायला कार्ड त्यावरही चालतं.

डोंगलबद्दल लोक नाकं मुरडतात, पण ज्याला कॅबिनेट उघडायचंच नाही त्याच्यासाठी तो ठीक आहे. फक्त नखाएवढा डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३ च्या भोकात, पेन ड्राइव्हच्या शेजारी खुपसू नका. यूएसबी ३ ची धावपळ नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते आणि वायफाय अडखळतं. एक हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणला की पुष्कळ फरक पडतो.

बसवताना

वायर काढलेलीच असू द्या. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मग कार्ड उचला, आणि सोनेरी दातांना बोट लावू नका.

ज्या खाचेत कार्ड जाणार तिच्यासमोरची मागची पट्टी काढावी लागते. चांगल्या कॅबिनेटला ती स्क्रूची असते. स्वस्तातल्या कॅबिनेटमध्ये ती पत्र्यालाच चिकटलेली असते. पेचकसाने आत ढकलायची, पक्कडीत धरून पुढे-मागे वाकवत राहायची, की कट्‌कन तुटते. तुटलेली कड ब्लेडसारखी असते, जाड फडकं हातात असू द्या. पत्र्याचा बारीक तुकडा मदरबोर्डवर पडला असेल तर मशीन चालू करण्याआधी शोधून काढा. तो नको तिथे करंट जोडून बसला की मदरबोर्डचं मातेरं.

कार्डाच्या लोखंडी पट्टीचं खालचं टोक मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांच्या फटीत सरकवा आणि कार्ड दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर लावून सरळ खाली दाबा. सोनेरी दात एका रेषेत खाचेत गेले पाहिजेत. एका बाजूला दिसताहेत, दुसऱ्या बाजूला गडप, म्हणजे कार्ड तिरकं बसलंय. मग वरचा स्क्रू घट्ट करा. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या पंख्याला अगदी खेटून वायफाय कार्ड लावू नका, जागा असेल तर एक खाच सोडा.

कार्डात ब्लूटूथ असेल तर खोक्यात एक बारीक वायरही निघते. बरेच जण तिला फालतू समजून खोक्यातच ठेवतात आणि मग "वायफाय लागलं, ब्लूटूथ दिसत नाही" म्हणून येतात. वायफाय खाचेतून चालतं, ब्लूटूथ मात्र यूएसबीतून. त्या वायरचं एक टोक कार्डाला आणि दुसरं मदरबोर्डवरच्या एफ-यूएसबी किंवा जे-यूएसबी असं लिहिलेल्या नऊ पिनांच्या जागी. दहा जागांपैकी एक पिन मुद्दाम गाळलेली असते, त्यामुळे वायर उलटी जात नाही. जात नसेल तर जोर करू नका, फिरवून बघा.

अँटेना मागून हाताने आवळा, पक्कड नको. झाकण मात्र एवढ्यात लावू नका, मशीन कार्ड ओळखतंय का ते आधी कळू दे.

ड्रायव्हरसाठी इंटरनेट, इंटरनेटसाठी ड्रायव्हर

मशीन सुरू केल्यावर विंडोज ११ बहुधा कार्ड आपणहून ओळखतं आणि कोपऱ्यात वायफायची खूण येते. नाही आली तर स्टार्टवर उजवं बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. "अदर डिव्हायसेस"खाली पिवळ्या त्रिकोणासकट "नेटवर्क कंट्रोलर" दिसतं? म्हणजे कार्ड नीट बसलंय, फक्त ड्रायव्हर नाही. तिथे काहीच नवीन नसेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा.

खोक्यात ड्रायव्हरची सीडी असते, आणि सीडी ड्राइव्ह आता कुणाच्याच मशिनीत नसतो. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. यावर सोपा उपाय खिशातला फोन. अँड्रॉइड फोन डेटा जाणाऱ्या केबलने कॉम्प्युटरला जोडा. चार्जरबरोबर आलेल्या कित्येक स्वस्त केबली नुसतं चार्जिंग करतात, त्या चालत नाहीत. फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर "यूएसबी टेदरिंग" चालू करा. कॉम्प्युटरला लगेच नेट मिळतं. बहुतेक फोन स्वतः वायफायवर असले की तेच नेट केबलने पुढे देतात, मोबाइलचा डेटासुद्धा खर्च होत नाही. मग विंडोज अपडेट चालवा आणि त्यातल्या "ऑप्शनल अपडेट्स"मध्ये ड्रायव्हर आलाय का बघा.

तरीही नाही सापडला तर त्या पिवळ्या त्रिकोणावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून "हार्डवेअर आयडीज" निवडा. तिथे व्हेंडरचा आकडा दिसतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. खोक्यावर कुणाचंही नाव असो, आतली चिप कुणाची ते इथे कळतं. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याच्या, नाहीतर त्या चिपवाल्याच्याच साइटवरून घ्या. "ड्रायव्हर अपडेटर" म्हणून जे फुकटचे प्रोग्राम पुढे-पुढे करतात ते घरात घेऊ नका.

काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. घाबरू नका, ड्रायव्हर त्यातच ठेवलेला असतो. तो चालवला की डोंगल खऱ्या रूपात येतो.

सेटिंग आणि अँटेनाची जागा

वायफायचं नाव निवडून पासवर्ड टाकला की जोडणी झाली, तिथे सांगण्यासारखं काही नाही. घरचं नेटवर्क "प्रायव्हेट" ठेवा, "पब्लिक" राहिलं की वायफायचा प्रिंटर लपून बसतो. जुन्या कार्डाला घरचं नेटवर्क दिसूनही जोडता येत नसेल तर राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) चालू आहे का बघा, तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ असं मिश्र निवडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट असतं. वीज वाचवायला हे बंद करण्याची परवानगी देणारी बरोबरची खूण काढून टाका, मशीन झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होण्याची तक्रार बरीच कमी होते.

५ चा पट्टा वेगवान आणि मोकळा, २.४ चा पट्टा हळू पण भिंतीतून जास्त पुढे जाणारा. दाट वस्तीत २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते, त्यामुळे राउटरवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचं चॅनल निवडून ठेवा. माझा हिशोब सोपा आहे: राउटर आणि कॉम्प्युटर यांत एक भिंत असेल तर ५, जाड दोन असतील तर आधी २.४. कार्डाच्या "अ‍ॅडव्हान्स्ड" यादीत "प्रिफर्ड बँड" असतो, तिथे हे ठरवता येतं. सध्या कोणत्या पट्ट्यावर आहात ते वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली लिहिलेलं असतं.

आता अँटेना. कार्डाच्या पाठीलाच काड्या लावल्या तर त्या कॅबिनेटच्या पत्र्यामागे, टेबलाखाली आणि बहुधा भिंतीला टेकून राहतात. वायरवाली अँटेना काढून टेबलावर किंवा फळीवर ठेवा. जाड भिंतीच्या घरात लहरी भिंतीपेक्षा दारातून बऱ्या येतात, म्हणून राउटरच्या दिशेचं दार जिथून दिसतं अशी जागा शोधा. काडीचं टोक राउटरकडे रोखू नका; काडी आडव्या अंगाने लहरी घेते, टोकाकडून जवळजवळ नाही. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी मध्ये नको. शेजारच्या एका काकांकडे संध्याकाळीच वायफाय तुटायचं. मधल्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह होता, आणि तोही २.४ वरच चालतो. ५ वर नेल्यावर त्यांची कटकट थांबली.

सगळं जोडलेलं दिसतंय, पण बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणतेय, तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशिनीची वायर काढून ठेवली की मदरबोर्डवरची संपत आलेली बॅटरी तारीख विसरते, आणि चुकीच्या तारखेला साइट उघडत नाहीत. दोष कार्डाला मिळतो. सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते. झाकण अजून उघडंच आहे तर तीही आत्ताच बदलून घ्या, तारीख नीट करा आणि मग स्क्रू लावा.